पार्नेल स्क्वेअरमधल्या सहा रात्री

शनिवार

सांगलीहून मुंबई, मुंबईहून दुबई, दुबईहून डब्लिन. मी पोचले, बॅग पोचली नाही. सामानाचा पट्टा रिकामा फिरत राहिला, शेवटी बंद झाला. बॅगेत माझे सगळे कपडे, दोन किलो भडंग, शेंगदाण्याची चटणी आणि बेदाणे होते. काउंटरवरच्या मुलीने अर्ज भरून घेतला आणि दोन दिवसांत घरपोच येईल म्हणाली. कपड्यांचं काही नाही, पण भाच्याला भडंग कबूल केलं होतं.

बाहेर भाचा उभा होता आणि शेजारी त्याचा नवरा. आयर्लंडच्या पश्चिमेला मेयो नावाचा परगणा आहे, तिथल्या शेतकऱ्याचा मुलगा. दोघांच्या लग्नाला तीन वर्षं झाली. लग्न मी सांगलीत बसून मोबाइलवर पाहिलं होतं, त्यामुळे जावयाला प्रत्यक्ष आज पहिल्यांदा भेटले. सहा फुटांच्या वरचा तो माणूस विमानतळाच्या दारात वाकून पाया पडला आणि घोटून घोटून पाठ केलेल्या मराठीत म्हणाला, "या मावशी, प्रवास नीट झाला?" मला काही सुचेना. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

टॅक्सीवाल्याने विचारलं, बाई कुठून आल्या. भाचा म्हणाला, महाराष्ट्रातून. त्यावर टॅक्सीवाला लगेच, "म्हणजे वराडकरांच्या गावच्या!" लिओ वराडकर दोनदा या देशाचे पंतप्रधान झाले, पहिल्यांदा २०१७ साली. त्यांचे वडील मुंबईचे डॉक्टर आणि मूळ घर मालवण तालुक्यातल्या वराड गावात. २०१५ च्या जानेवारीत, मंत्री असताना, त्यांनी रेडिओवरच्या मुलाखतीत आपण समलिंगी असल्याचं सांगितलं होतं. २०१९ च्या डिसेंबरात पंतप्रधान म्हणून ते वराडला येऊन गेले, तेव्हाच्या बातम्या मलाही आठवत होत्या. सांगलीपासून वराड काही जवळ नाही, पण टॅक्सीवाल्यापुढे मी मान डोलावली.

मी इथे नाटकं बघायला आलेय. गेली तीस वर्षं हौशी रंगभूमीवर आहे, आधी प्रकाशयोजना केली, मग दिग्दर्शन. भाचा चार वर्षं इथल्या आंतरराष्ट्रीय डब्लिन गे थिएटर फेस्टिव्हलमध्ये स्वयंसेवक आहे. दर मे महिन्यात त्याचा फोन यायचा, "मावशी, एकदा ये. तू बघायला हवंस." यंदा निवृत्तीचे पैसे हातात आले आणि मी तिकीट काढलं.

रविवार

अंगात जावयाचा स्वेटर, बाह्या तीनदा दुमडलेल्या. असं आम्ही मेरियन स्क्वेअरला गेलो.

बागेच्या कोपऱ्यात पांढऱ्या गारगोटीच्या भल्यामोठ्या धोंड्यावर नाटककार ऑस्कर वाइल्ड रेलून बसलाय. समोर रस्त्यापलीकडे एक नंबरचं घर, तिथे तो लहानाचा मोठा झाला. पुतळा १९९७ सालचा, डॅनी ऑस्बोर्नने केलेला. एरवी पुतळा म्हटलं की ब्राँझ किंवा संगमरवर. इथे प्रत्येक कपड्याला वेगळा दगड आहे. कोट हिरव्या जेडचा, कॉलर गुलाबी, विजार निळसर ग्रॅनाइटची. बूट काळेभोर चकचकीत. ते भारतातून आणलेल्या काळ्या दगडाचे आहेत आणि त्यांच्या नाड्या ब्राँझच्या. भाचा म्हणाला, "मावशी, ह्याच्या पायात आपल्याकडचा दगड आहे." मी जवळ जाऊन पाहिलं. पावसाचे थेंब बुटावर तसेच थांबलेले.

वाइल्डची गोष्ट नाटकवाल्यांना नवी नाही. १८९५ च्या फेब्रुवारीत लंडनमध्ये त्याचं नवं विनोदी नाटक लागलं, लोक पोट धरधरून हसत होते, आणि त्याच वर्षी २५ मे रोजी त्याला दोन वर्षांची सक्तमजुरी झाली. गुन्हा काय, तर पुरुषांशी संबंध. ज्या १८८५ च्या कायद्याने त्याला आत टाकलं तो आयर्लंडलाही लागू होता आणि इंग्रज गेल्यावरही तसाच राहिला. डेव्हिड नॉरिस नावाचे ट्रिनिटी कॉलेजातले प्राध्यापक त्याविरुद्ध कोर्टात गेले, देशातली सगळी कोर्टं हरले, मग स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात १९८८ साली जिंकले. त्यांच्या वकील मेरी रॉबिन्सन पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्या. कायदा प्रत्यक्षात बदलायला १९९३ उजाडलं. आपल्याकडचं ३७७ कलमही त्याच राज्यकर्त्यांनी १८६० साली लिहिलेलं. आपण त्यातून सुटलो ६ सप्टेंबर २०१८ ला. त्या दिवशी भाच्याचा फोन आला होता आणि मी तालमीत होते म्हणून घेतला नव्हता. बागेतल्या बाकावर बसल्यावर ते मला आठवलं.

महोत्सवही वाइल्डमुळेच सुरू झाला. २००४ साली त्याच्या जन्माला दीडशे वर्षं झाली, ते निमित्त धरून ब्रायन मेरिमन यांनी हा उभा केला. ज्या गावाने आपल्या या लेकाचं नाव पुष्कळ वर्षं हळू आवाजात घेतलं, तिथेच.

सोमवार

बँकेची सुट्टी. संध्याकाळी सात वाजताही लख्ख ऊन. आमच्याकडे नाटकाला निघायचं म्हणजे अंधार पडलेला असतो, त्यामुळे दुपारच्या प्रयोगाला निघाल्यासारखं वाटत होतं.

पार्नेल स्क्वेअरच्या पश्चिम बाजूला टीचर्स क्लब आहे. जुन्या पद्धतीची उंच विटांची इमारत, मूळची शिक्षकांची संस्था. महोत्सव दोन आठवड्यांचा असतो. पहिल्या आठवड्यातली नाटकं सोमवार ते शनिवार रोज होतात, मग सगळा फळा पुसून दुसऱ्या आठवड्यात नवी नाटकं येतात. महोत्सवाच्या प्रत्येक जागी एका संध्याकाळी दोन प्रयोग, प्रत्येक तासाभराचा. मध्ये फार तर अर्धा तास. म्हणजे ज्यांनी एकांकिका स्पर्धा केल्यात त्यांना कळेल, आधीच्यांनी सामान काढायचं, पुढच्यांनी मांडायचं, लाइटवाल्याने क्यू बदलायचे, आणि प्रेक्षक बाहेर जिन्यात उभे.

मी दारातून आत गेले आणि पहिल्यांदा वर पाहिलं. सवय. लाइट मोजले, एक डझनसुद्धा नाहीत. खुर्च्या माझ्या अंदाजाने साठ-सत्तर. पडदा नाही, तिसरी घंटा नाही. कोपऱ्यात एका टेबलावर एकच मुलगी लाइटही बघणार आणि साउंडही. कामगार भवनात किंवा शाळेच्या हॉलमध्ये आम्ही जसं उभं करतो, अगदी तसंच. सात समुद्र ओलांडून आल्यावर समोर आपलीच खोली दिसावी!

पहिलं नाटक विनोदी. वडिलांचा अंत्यविधी उद्यावर आलाय आणि स्वयंपाकघरात दोन बहिणी सँडविच करतायत. थोरली तिच्या बायकोला घेऊन आलीये आणि गावाला तिची ओळख कोण म्हणून करून द्यायची, यावर तासभर चर्चा. शेजारीण येते, धर्मगुरू येतात, प्रत्येक वेळी त्या बायकोला नवीन नातं मिळतं, कधी मैत्रीण, कधी नर्स, कधी केटरिंगवाली. शेवटी कळतं की वडिलांनी स्वतःच श्रद्धांजलीच्या जाहिरातीत 'सून' असं लिहून पैसे भरून ठेवले होते. या ओळीला प्रेक्षक हसले नाहीत. आधी एकदम शांतता, मग टाळ्या. माझ्या शेजारी साठीच्या पुढच्या दोन बायका होत्या. एकीने दुसरीच्या पर्समधून न बघता रुमाल काढून घेतला.

दुसरं नाटक अमेरिकेहून आलेलं, मला फार आवडलं नाही. बोलणं खूप आणि माणसं सगळी सारखीच बोलतात.

मंगळवार

बॅग आली! भडंगाचं पाकीट एका कडेला फुटलं होतं, सगळ्या कपड्यांना लसणाचा वास. संध्याकाळी भडंगाचा डबा घेऊन क्लबवर गेले आणि स्वयंसेवकांसाठी टेबलावर ठेवला. लाइट करणाऱ्या मुलीने मूठभर तोंडात टाकलं, डोळ्यांत पाणी आलं, आणि पुन्हा मूठ भरली. दहा मिनिटांत आमची ओळख झाली. मी सांगितलं की मीही लाइट करते. तिने विचारलं, मधल्या अर्ध्या तासात मदत करणार का?

मग काय! पहिला प्रयोग संपला तशी मी साडीचा पदर खोचला. अंत्यविधीवाल्या बहिणींचं स्वयंपाकघर म्हणजे एक घडीचं टेबल, तीन खुर्च्या, ब्रेडची पेटी आणि भिंतीवरचं घड्याळ. सगळं दोन सुटकेसांत बसतं. तेच सामान घेऊन त्या रेल्वेने आल्या आणि पुढे दुसऱ्या गावीही जाणार. टेबलाच्या पायांना रंगीत चिकटपट्टीच्या खुणा, जमिनीवर तशाच रंगाच्या खुणा. लाल म्हणजे यांच्या, निळ्या म्हणजे पुढच्यांच्या. मी निळ्या खुणांवर खुर्च्या मांडल्या. शिडीवर चढून एका लाइटचं तोंड फिरवायचं होतं, ते मात्र तिने मला करू दिलं नाही, विम्याचा काहीतरी नियम आहे. पण कुठे फिरवायचं ते मी खालून सांगितलं आणि तिने ऐकलं.

काम करताना तिने विचारलं, तुमच्या भाषेत अशी नाटकं आहेत का? मी तिला सांगितलं की आमची नाटकं सांगलीतच सुरू झाली, १८४३ साली, विष्णुदास भाव्यांच्या 'सीतास्वयंवरा'ने, आणि त्यातली सीतासुद्धा पुरुषानेच केली. आमच्याच जिल्ह्यातल्या नागठाण्याच्या बालगंधर्वांनी नेसलेल्या साड्यांची फॅशन घरंदाज बायका उचलायच्या. पण ती वेगळी गोष्ट. तिने विचारलं होतं ते असं, की अशी माणसं नाटकात माणूस म्हणून येतात का? तेव्हा तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' सांगितलं, १९८१ सालचं, एका मुलीवर प्रेम करणाऱ्या मुलीचं. रोहिणी हट्टंगडींनी ती मित्रा केली होती. चेतन दातारांचं 'एक माधवबाग' सांगितलं. मुलाची डायरी आईच्या हाती लागते, त्या आईचं ते नाटक. मी दोन बोटं मोडली आणि तिसऱ्याशी थांबले. आहेत अजूनही, मला माहीत आहेत. पण त्या क्षणी वेगळंच काहीतरी आठवलं आणि मी खुर्ची सरकवायला वळले.

बुधवार

दिवसभर पाऊस. याच स्क्वेअरच्या उत्तरेला ह्यू लेन नावाचं चित्रांचं दालन आहे. फ्रान्सिस बेकन हा चित्रकार मूळचा डब्लिनचा, तोही समलिंगी. त्याच्या मरणानंतर लंडनमधला त्याचा स्टुडिओ जसाच्या तसा उचलून इथे आणला, सात हजारांच्या वर वस्तू, अगदी भिंती आणि धुळीसकट. काचेतून बघायचा. रंगाच्या डब्यांच्या, फाटक्या फोटोंच्या राशी. आमच्या संस्थेची प्रॉपर्टीची खोली याहून आवरलेली असते.

रात्री महोत्सवाच्या दुसऱ्या जागी पाहिलेलं नाटक जड होतं आणि त्याने मला झोपू दिलं नाही. ते फेअरव्ह्यू पार्कच्या घटनेवर बेतलेलं होतं. १९८२ च्या सप्टेंबरात डब्लिनच्या या बागेत डेक्लन फ्लिन नावाच्या एकतीस वर्षांच्या माणसाला पोरांच्या टोळक्याने मारून टाकलं. पुढच्या मार्चमध्ये न्यायालयाने त्यांना स्थगित शिक्षा देऊन घरी सोडलं. मग शेकडो माणसं रस्त्यावर उतरली, लिबर्टी हॉलपासून त्या बागेपर्यंत चालत गेली. नाटकात फक्त एक बाक होता आणि तीन माणसं आळीपाळीने त्यावर येऊन बसत होती. मारणाऱ्यांपैकी एकाची आईसुद्धा.

प्रयोग संपल्यावर मागच्या रांगेतले एक म्हातारे गृहस्थ उठले. म्हणाले, त्या दिवशी मी चाललो होतो. निघताना टोपी डोळ्यांपर्यंत ओढून घेतली होती, ओळखीचं कुणी पाहील म्हणून. अर्ध्या वाटेत ती काढून खिशात ठेवली. एवढं बोलून ते खाली बसले. नट अजून तिथेच उभे होते, त्यांनी त्या गृहस्थांसाठी टाळ्या वाजवल्या.

जावई म्हणाला, त्याच देशाने २२ मे २०१५ ला समलिंगी लग्नाला सार्वमताने होकार दिला, बासष्ट टक्के लोकांनी. परदेशात नोकरीला गेलेली पोरं विमानं-बोटी पकडून फक्त मत द्यायला घरी आली. त्याच्या वडिलांनी, म्हणजे मेयोतल्या त्या शेतकऱ्याने, आदल्या रात्री त्याला फोन करून विचारलं होतं, कागदावर नक्की कुठे फुली मारायची ते सांग, चूक व्हायला नको.

गुरुवार

डार्ट नावाच्या लोकलने सटनला गेलो. समुद्र, चढ, आणि चढावर सेंट फिंटन्स दफनभूमी. इथे हिल्टन एडवर्ड्स आणि मिहॉल मॅक लिआमोर एकाच ठिकाणी पुरलेत.

पार्नेल स्क्वेअरच्या पूर्वेच्या कोपऱ्यावर जे गेट थिएटर दिसतं, ते या दोघांनी १९२८ साली स्थापन केलं. एडवर्ड्स दिग्दर्शन आणि लाइट बघायचा, मॅक लिआमोर नट, शिवाय नेपथ्य आणि वेशभूषाही त्याचीच. पन्नास वर्षं दोघांनी संसार केला, थिएटर चालवलं. सगळ्या गावाला माहीत होतं आणि कायद्याने तो गुन्हा होता. मॅक लिआमोरची आणखी एक गंमत म्हणजे तो आयरिश नव्हताच. लंडनमध्ये जन्मलेला आल्फ्रेड विलमोर. आयर्लंडवर जीव जडला म्हणून ती भाषा शिकला, नाव बदललं, कॉर्कचा जन्म सांगू लागला, आणि मरेपर्यंत ती भूमिका सोडली नाही. उतारवयात वाइल्डच्या आयुष्यावरचा एकपात्री प्रयोग घेऊन तो जगभर फिरला.

१९७८ साली तो गेला. अंत्यविधीला राष्ट्राध्यक्ष पॅट्रिक हिलरी आले आणि एडवर्ड्सचं सांत्वन केलं, जसं विधुराचं करतात. कायदा बदलायला तेव्हा अजून पंधरा वर्षं होती.

महोत्सवाची पारितोषिकं या माणसांच्या नावांची आहेत. उत्कृष्ट नव्या लेखनाला वाइल्डचं नाव, अभिनेत्याला मॅक लिआमोरचं, एक हिल्टन एडवर्ड्सचं. अभिनेत्रीला ईव्हा गोर-बूथचं. ही कवयित्री, बायकांच्या मताधिकारासाठी लढलेली, एस्थर रोपर या सखीबरोबर आयुष्य काढलेली. आपल्याकडच्या करंडकांवरही नावं असतात, पण ज्याच्या नावाचा करंडक घेतला त्याचं घर कसं होतं, कुणाबरोबर होतं, हे आम्ही कधी विचारलं नाही.

कबरीपाशी वारा फार होता. मी सांगलीहून आणलेले चार बेदाणे दगडाच्या कडेला ठेवले. का ठेवले ते सांगता येत नाही, हात गेला.

शुक्रवार

या दिवसाचं सविस्तर लिहिते, कारण त्यासाठीच भाच्याने मला बोलावलं होतं. ते मला रात्री कळलं.

प्रयोग त्याच दुसऱ्या जागी, एकपात्री, विनोदी. पन्नाशीचा नट, इंग्लंडच्या उत्तरेकडून आलेला. रंगमंचावर काही नाही. तो उजवीकडून येतो, डावीकडे चालत जातो. कंबर एका बाजूला, मनगट सैल. ही चाल आपण सगळ्यांनी पाहिलीये. हशा झाला, मीही हसले. तो थांबला, परत गेला, म्हणाला, आता नीट बघा हं.

मग तो ती चाल उलगडून दाखवायला लागला. ही कंबर माझ्या आजीची. तिच्या एका कडेवर कायम मूल असायचं, स्वतःचं किंवा शेजारणीचं. मूल उतरलं तरी कंबर तशीच राहिली. त्याने कडेवर मूल घेतलं आणि चार पावलं टाकली, आणि खरोखर आजी चालत गेली. हे मनगट आईचं. मोरीशेजारी टॉवेल कधी जागेवर नसायचा, म्हणून ती ओले हात झटकत घरभर हिंडायची. त्याने हात झटकले. पुढच्या रांगेतल्या एकाने गालावर थेंब उडाल्यासारखा हात नेला! ही मान वळवायची लकब बापाची, खाणीत काम केलेल्या, एका कानाने बहिऱ्या माणसाची. असं करत करत त्याने सगळं घर त्या चालीत उभं केलं. शेवटी पुन्हा तेच, उजवीकडून डावीकडे, तीच कंबर, तेच मनगट. आता लोक आधीपेक्षा जास्त हसले. पण आता आम्ही त्या सगळ्यांना ओळखत होतो. आजी आली म्हणून हसलो, आई आली म्हणून हसलो.

लाइटही साधाच. बाजूने एकच पिवळसर स्पॉट, सुरुवातीला मंद. दर फेरीला लाइटवाल्याचं बोट उजेड कमी-जास्त करणारा फेडर केसभर वर सरकवत होतं. शेवटच्या फेरीला त्याची सावली भिंतीवर इतकी मोठी पडली की छताला टेकली. मी तीस वर्षं फेडर हाताळलेत. इतक्या सावकाश लाइट वाढवायला छाती लागते.

मंगळवारी मला आठवलं होतं ते आता सांगते. अठरा वर्षांपूर्वी मी एक एकांकिका बसवली होती, स्वतः लिहिलेली. एका सोसायटीच्या मीटिंगवरची. तिच्यात एक पात्र होतं. त्याला नाव नव्हतं, संहितेत 'एक नाजूक' असं लिहिलं होतं. तो तीनदा उजवीकडून डावीकडे जायचा. कथेत त्याचं काही काम नव्हतं. प्रत्येक एन्ट्रीला हशा, तिसऱ्या एन्ट्रीला टाळ्या. तालमीत मी त्या मुलाला सांगायचे, अजून मुरड, अजून. आम्हाला विनोदी एकांकिकेचं पहिलं पारितोषिक मिळालं. करंडक अजून माझ्या शोकेसमध्ये आहे. भाचा तेव्हा नववीत, आमचं संगीत तो द्यायचा. त्या पात्राच्या चालीला टुणटुण वाजणारी धून त्यानेच शोधून आणली होती.

प्रयोग संपल्यावर आम्ही दोघं चालत घरी निघालो. जावई पुढे भाजी घ्यायला गेला होता. डॉर्सेट स्ट्रीटच्या सिग्नलला थांबलो. इथे पादचाऱ्यांसाठीच्या खांबातून टिक टिक आवाज येत राहतो आणि हिरवा झाला की भरभर वाजायला लागतो.

भाचा म्हणाला, "मावशी, २०१४ साली इथे ॲबी थिएटरच्या रंगमंचावर पँटी ब्लिस बोलायला उभी राहिली होती. रोरी ओनील हा पुरुष बाईच्या वेशात तिचं रूप घेतो. ती म्हणाली, मी अशाच सिग्नलला उभी असते आणि गाडीतून कुणीतरी ओरडतं, तेव्हा मी स्वतःला तपासते की आपलं नक्की काय दिसलं यांना. मी ते पुण्यात होस्टेलवर यूट्यूबवर पाहिलं. रात्री दोन वाजता. तीनदा पाहिलं."

सिग्नल हिरवा झाला. आम्ही हललो नाही.

"तुझ्या एकांकिकेला मी सगळ्यांत मोठ्याने हसायचो. विंगेत असायचो ना, लोकांनी मला हसताना बघावं म्हणून. आणि त्यानंतर वर्षभर रोज संध्याकाळी गच्चीवर चालायची प्रॅक्टिस करायचो. कंबर हलता कामा नये. टाकीपासून जिन्यापर्यंत. तुला वाटायचं मी पाठांतर करतोय. तू खालून हाक मारायचीस, चहा झालाय म्हणून."

मला ती गच्ची माहीत आहे. बावीस पावलं आहेत टाकीपासून जिन्यापर्यंत. तिथेच आम्ही एकांकिकेची तालीम करायचो, म्हणून मोजलेली आहेत.

मी म्हटलं, "माझं चुकलं रे." तो म्हणाला, "हो." आणि मग थोड्या वेळाने, "थंडी वाजतेय तुला. चल."

घरी जावयाने डाळ केली होती, हिंग जरा जास्त पडलेला. आम्ही तिघं जेवलो. जेवताना भाच्याने मला दुसऱ्यांदा भात वाढला, न विचारता.

शनिवार

सकाळी केपल स्ट्रीटवर चालले. २०२२ पासून तिथे गाड्यांना बंदी आहे. एका टोकाला पँटीचा बार, पुढे १०५ नंबरला आउटहाउस हे समलिंगी, ट्रान्स माणसांचं समाजकेंद्र. वाचनालय आहे, चहा मिळतो, एकटं बसलं तरी कुणी काही विचारत नाही. खिडकीपाशी सतरा-अठरा वर्षांचा एक मुलगा शाळेच्या दप्तरासकट बसला होता, समोर न प्यालेला चहा. मी त्याच्याकडे बघायचं टाळलं.

दुपारी एकपात्रीचा शेवटचा प्रयोग होता, तो पुन्हा पाहिला. या वेळी नटाकडे कमी आणि लोकांकडे जास्त. पहिल्या फेरीला सगळे हसले, पण एक जण हसला नाही. तिसऱ्या रांगेतला, मफलर गुंडाळलेला. तो शेवटच्या फेरीला हसला, आणि मग थांबेचना.

रात्री क्लबवरची दोन्ही नाटकं उतरवली. लाल खुणा मी काढल्या, निळ्या त्या मुलीने. चिकटपट्टीचा गोळा करून तिने माझ्या हातात दिला. दुसऱ्या आठवड्याच्या कंपन्या उद्या येणार, त्यांच्या खुणा हिरव्या आणि पांढऱ्या. पारितोषिकं पुढच्या रविवारी, तेव्हा मी सांगलीत असणार.

रविवार

विमानतळावर जावयाने रिकामा डबा परत दिला. आमच्याकडे डबा रिकामा देत नाहीत हे त्याला भाच्याने सांगितलेलं असणार, कारण आत त्याच्या आईने केलेला सोडा ब्रेड होता, फडक्यात गुंडाळलेला.

दुबईपर्यंत झोप आली नाही. वहीत ती जुनी एकांकिका पहिल्या पानापासून लिहायला घेतली. सोसायटीची मीटिंग तीच, भांडणं तीच. 'एक नाजूक' हे शब्द लिहिले आणि खोडले. तो उजवीकडून येतो. या वेळी पलीकडे जात नाही, खुर्ची ओढून मीटिंगमध्ये बसतो. सेक्रेटरी त्याला चहा देतात. तो कप हातात घेतो, आणि पहिलं वाक्य बोलतो, पाण्याच्या टाकीबद्दल.

सांगलीला पोचल्यावर त्या पानाचा फोटो भाच्याला पाठवला. दोन दिवस काही आलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मेसेज आला: "मावशी, तो बिनसाखरेचा पितो. आणि नाव त्यालाच विचार, मीटिंगच्या वहीत सही करेलच की."